फळ्याशेजारचं ओलं फडकं

वर्ध्याजवळच्या आमच्या नालवाडीत भाजी विकणारे पुष्कळ होते, पण भाजी विकायचा मनापासून कंटाळा असलेला भाजीवाला एकच होता. तो म्हणजे दौलतराव भांगे. भाजी पिकवायला त्यांची ना नव्हती. घरामागच्या वावरात वांगी, चवळी, सांभार असं काय काय ते हौसेनं लावायचे. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, हे आपलं पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. त्यांचा राग एकाच प्रश्नावर होता. "वांगे कसे देल्ले?" हा प्रश्न सकाळपासून ऐकून ऐकून दुपारपर्यंत त्यांचं डोकं फिरायचं.

म्हणून त्र्याण्णव साली त्यांनी एका बंद पडलेल्या शिकवणी वर्गाचा काळा फळा आणला, दुकानाबाहेरच्या कडुलिंबाला टांगला आणि त्यावर खडूनं सगळे भाव लिहिले. आता कोणी विचारणार नाही, अशी त्यांची समजूत. गिऱ्हाईक आलं, फळा वाचला आणि म्हणालं, "वाचलं. पन कसे देल्ले?"

दुसऱ्या दिवशी दौलतरावांनी संतापानं भावाच्या खाली लिहिलं : 'कवडूची सासू आली आहे. जायचं नाव घेत नाही. वांगी ताजी आहेत.' झालं! त्या दिवशी अर्धी नालवाडी फळ्यासमोर उभी. भाव कोणीच विचारला नाही, कारण बातमी वाचता वाचता तो आपोआप डोळ्यांखालून जात होता. दौलतरावांना भाजी न बोलता विकायची युक्ती सापडली आणि आमच्या नालवाडीला वर्तमानपत्र सापडलं.

फक्त दुपारी गल्लीतला कवडू आला. मागे त्याची सासूही होती. खांद्यावरचा दुपट्टा त्यानं नळाखाली भिजवला, फळ्यावरची आपली ओळ पुसली आणि म्हणाला, "झालं." बस्स, एवढंच. भांडला असता तर दौलतरावांनी दोन शब्द सुनावले असते. पण तो भांडला नाही, याचीच त्यांना लाज वाटली. त्यांनी फळ्याशेजारी खिळा ठोकला, त्याला एक फडकं अडकवलं, खाली पाण्याचा डबा ठेवला. तेव्हापासून नालवाडीचा कायदा झाला : ज्याची बातमी, त्याचं फडकं. आपली बातमी खटकली तर यावं, पुसावी, 'झालं' म्हणावं. एकदा पुसली की ती गोष्ट घडलीच नाही. त्यावर कोणी बोलायचं नाही, हसायचं नाही, विचारपूससुद्धा करायची नाही.

हा कायदा आमच्याकडे इतका कडक पाळला गेला की एकदा कवडूच्या कडब्याला आग लागल्याची बातमी कवडूनंच घाईघाईत पुसली, तर विझवायला कोणी जाईना. सगळे हात बांधून उभे. जी गोष्ट घडलीच नाही, ती विझवायची कशी? शेवटी दौलतरावांना मोठ्या अक्षरात लिहावं लागलं, 'आगीला हा नियम लागू नाही', आणि मग लोक बादल्या घेऊन पळाले.

मी नानाजी. माझं दुकान फळ्याच्या बरोबर समोर. आधी एसटीडी बूथ होता, मग झेरॉक्स आली, मग लोकांच्या नादानं दोन कॉम्प्युटर टाकून 'नानाजी सायबर कॅफे' काढला. माझा स्वभाव तिरसट आहे असं लोक म्हणतात. दिवसभर पोरांना 'माउस आपटू नका' म्हणून ओरडावं लागलं की कोणाचाही होईल. पण फळा मी रोज वाचला. 'रेल्वे फाटकाजवळ उजव्या पायाची चप्पल सापडली आहे. जिची असेल तिनं लंगडत यावं.' 'लाइट काल गेली होती, आजही गेली. येईल तेव्हा कळवू.' असलं वाचून माझ्यासारख्याच्याही तोंडाची घडी मोडायची.

फळा लिहायचे दौलतराव, पण वाचायचे प्रभाकरराव. प्रभाकरराव घागरे, बालपणापासूनचे त्यांचे मित्र. वर्ध्याच्या बाजारात कापडाचं दुकान होतं त्यांचं. मुलगा पियुष पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत गेला, तेव्हा दुकान भाड्यानं देऊन ते घरी बसले. रोज सकाळी फळ्याखालच्या बाकड्यावर येऊन ते रेडिओवरच्या निवेदकासारखा आवाज लावून सगळा फळा मोठ्यानं वाचायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं ते ऐकायला यायचे, आणि ज्यांना येत होतं तेही यायचे, कारण प्रभाकररावांच्या तोंडून 'मेथीची जुडी' हे शब्दसुद्धा राष्ट्रीय महत्त्वाचे वाटायचे. त्यांची बायको विमलाबाई वारली, त्यानंतरही ते बाराव्या-तेराव्यापुरतेच घरी राहिले. पुन्हा येऊन बाकड्यावर बसले, आवाज तोच. आम्हाला वाटलं, सावरले.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात वर्ध्याची रुचिका आली. पत्रकारितेचं शिकत होती. गळ्यात कॅमेरा, तोंडात प्रश्न. ती इंटरनेटवर ब्लॉग लिहायची, तो तिच्याशिवाय कोणी वाचत नव्हतं, हे तिनंच हसत सांगितलं. पण ऑर्कुट नावाच्या तेव्हाच्या गप्पांच्या साइटवर तिनं एक कम्युनिटी काढली होती, 'आपला फळा' नावाची. ज्यांच्याकडे छापखाना नाही, चॅनेल नाही, पण सांगायची खाज आहे, अशा लोकांची ती चावडी. भिंतीवर लिहिणारे, हस्तलिखित मासिक काढणारे, ट्रकच्या मागे चित्रं काढणारे, चार ओळींच्या कविता करून चार हजार लोकांना पाठवणारे. दौलतरावांचा फळा पाहून तिला आनंदानं रडूच यायचं बाकी राहिलं.

"काका, तुम्ही तर ब्लॉगर आहात!" ती म्हणाली.

"मी भाजीवाला आहो," दौलतराव म्हणाले. "थे दुसरं काय म्हन्लं तुनं, त्याले किती पानी लागते?"

रुचिका रोज फळ्याचा फोटो काढून कम्युनिटीवर टाकू लागली, आणि दौलतराव संध्याकाळी माझ्या कॅफेत येऊन 'आज कोन काय बोललं' पाहू लागले. त्यांना टाइप करता यायचं नाही. ते सांगायचे, मी इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायचो. कारंजा घाडगेच्या हायवेवर स्वप्निल नावाचा पेंटर होता, ढाब्यांसमोर उभ्या ट्रकांच्या मागे मोर आणि गुलाब काढायचा. त्यानं दौलतरावांची चपलेची बातमी एका ट्रकच्या मागे रंगवली आणि तो ट्रक कलकत्त्याला गेला. ते ऐकून दौलतराव माझ्या खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

"नानाजी, माह्यासारखे अजून येडे हायेत म्हन्जे," ते म्हणाले. इतका खूष झालेला माणूस मी आयुष्यात फार पाहिला नाही. पंधरा वर्षं माणूस एकटाच काहीतरी करत असतो, घरचे म्हणतात कामधंदा नाही, आणि एक दिवस कळतं की दूर कुठे आपली बिरादरी बसलेली आहे. ते सुख मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगतो.

पुढे ते उत्तरंही फळ्यावरच लिहायला लागले, म्हणजे कसं, फोटोत जातील. 'स्वप्निल, तुझा मोर पाहिला. पाय बदकाचे वाटतात.' नालवाडीची माणसं सकाळी वाचायची आणि एकमेकांना विचारायची, हा स्वप्निल कोणाचा, आणि त्यानं मोर पाळला कधी? एकदा तर स्वप्निल खरंच आला, रंगाचे डबे घेऊन, ट्रकवाल्याच्या शेजारी बसून. त्यानं फळ्याला लाल-पिवळी वेलबुट्टी काढून दिली आणि मनकर्णाबाईंच्या हातची भाजी-भाकर खाऊन गेला. मनकर्णाबाई म्हणजे दौलतरावांची बायको. दुकान खरं त्याच चालवायच्या, दौलतराव लिहायचे.

मग ते कोहळं आलं.

कोहळं म्हणजे पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते. दौलतरावांच्या वावरात त्या वर्षी भारी कोहळी लागली होती. प्रभाकरराव एक घेऊन गेले, मग दुसरं, मग तिसरं. एकट्या माणसाला घागरीएवढं कोहळं लागतं किती? त्यात दौलतरावांनी जाता जाता त्यांच्या खिडकीतून पाहिलं, तर तिन्ही कोहळी बाजेवर ओळीनं मांडलेली, जशीच्या तशी. दौलतरावांना बातमी दिसली की हात शिवशिवायचा. सकाळी फळ्यावर आलं : 'प्रभाकररावांनी तिसरं कोहळं नेलं. अजून एकही कापलेलं नाही. कारण कळल्यास कळवावे.'

नेहमीप्रमाणे प्रभाकरराव आले, बाकड्यावर बसले, घसा साफ करून निवेदकाच्या आवाजात सुरू झाले. मेथी झाली, चवळी झाली. "प्रभाकररावांनी तिसरं कोहळं नेलं. अजून एकही..." आवाज तिथेच थांबला. त्यांनी उठून फडकं घेतलं, डब्यात भिजवलं, ओळ पुसली, म्हणाले, "झालं." आणि राहिलेला फळा न वाचताच घरी गेले. कायद्याप्रमाणे ती गोष्ट तिथे संपली.

पण रुचिका त्याआधी फोटो काढून गेली होती. तिचा दोष नव्हता हो. ते फडकं फळा साफ करायचं आहे, असंच तिला वाटत होतं. फडक्याचा कायदा आम्ही तिला सांगितलाच नव्हता, कारण तो कोणाला सांगायचा असतो हेच आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. श्वास कसा घ्यायचा ते पाहुण्याला कोण सांगतं?

फोटो गेला आणि तिकडे नुसता धुमाकूळ उठला. या कम्युनिटीतून त्या कम्युनिटीत, एका ब्लॉगवरून दुसऱ्या ब्लॉगवर. कोणी लिहिलं, हा बियाणं कंपन्यांविरुद्धचा मूक सत्याग्रह आहे. गांधीजींच्या वर्धा जिल्ह्यातला माणूस दुसरं काय करणार! कोणी म्हणालं, न कापलेलं कोहळं म्हणजे न फुटलेला हुंकार. मुंबईच्या एकानं कविता केली. अमेरिकेतल्या एकीनं कळवलं की आमच्याकडे हॅलोवीनच्या सणाला कोहळ्याला नाक-डोळे काढतात, तेव्हा प्रभाकरराव नक्की तिकडे राहून आले असणार. 'न कापलेलं कोहळं' नावाची वेगळी कम्युनिटीच निघाली आणि तिचे सभासद नालवाडीच्या मतदारांपेक्षा जास्त झाले. माझ्या दोन कॉम्प्युटरांवर पोरं मारामारी सोडून कोहळं पाहू लागली.

पियुषला पुण्यात ऑफिसमधल्या मित्रानं तो फोटो दाखवला, 'बघ काय भारी आहे' म्हणून. पियुषनं फळ्याखालचं बाकडं ओळखलं. त्यानं लगेच वडिलांना फोन लावला आणि नको तेच विचारलं, "बाबा, तुम्ही कोहळं काऊन कापून नाई राह्यले?" पुसलेली गोष्ट प्रभाकररावांना पुण्याहून फोनवर ऐकावी लागली.

त्याच आठवड्यात नागपूरहून नाटकवाली तरुण मंडळी आली. प्रभाकररावांच्या ओट्यासमोर त्यांनी सतरंजी टाकली. एक दाढीवाला केशरी कपड्यात गुंडाळून गोल होऊन बसला आणि दुसरा त्याच्यासमोर हात जोडून नुसता पाहत राहिला. हा प्रकार पुष्कळ वेळ चालला. प्रभाकरराव बाहेर आले.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

"काका, तो गोल आहे ते कोहळं. आणि हा समोरचा आहे ना, हे तुम्ही आहात."

प्रभाकररावांनी त्या समोरच्याकडे नीट पाहिलं. "मंग मी कोन आहो?" म्हणाले. त्यावर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते वाक्य फार खोल वाटलं, आणि त्यांनी तेही इंटरनेटवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्रभाकररावांच्या दारात कोणीतरी एक कोहळं ठेवून गेलं. मग दोन. मग कोहळ्यांची रांग लागली, एकावर तर कुंकूसुद्धा होतं. दौलतरावांच्या दुकानातली कोहळी हातोहात खपत होती आणि प्रत्येक खपलेल्या कोहळ्यागणिक दौलतरावांचं तोंड बारीक होत होतं.

त्या दिवशी भर दुपारी प्रभाकरराव माझ्या कॅफेत आले. त्यांच्या हातात खिळ्यावरचं फडकं होतं, ओलं, पाणी टपकत होतं.

"नानाजी, दाखव," ते म्हणाले.

मी कॉम्प्युटरवर तो फोटो उघडून दिला. त्यांनी चष्मा लावला, ओळ बोटानं शोधली आणि फडक्यानं पुसली. काच लख्ख झाली, ओळ तिथेच. त्यांनी फडकं पिळलं, पुन्हा पुसलं. कोणाला हसू आलं तर मला सांगू नका. ज्या गावात पंधरा वर्षं पुसलं की पुसलं जातं, तिथल्या माणसानं आणखी काय करावं? ते तिसऱ्यांदा जोरानं घासायला लागले आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. त्या काळी लोडशेडिंगला काही धरबंध नव्हता. पडदा काळा झाला, आमच्या फळ्यासारखा. ओळ नाही, कोहळं नाही, काही नाही.

प्रभाकररावांनी समाधानानं श्वास सोडला. "झालं," म्हणाले. फडकं नेऊन खिळ्याला अडकवलं आणि बऱ्याच दिवसांनी बाकड्यावर येऊन बसले. लाइट आली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर ओळ जिथल्या तिथे होती, आणि मी मान फिरवली.

हे सुख एक रात्र टिकलं. सकाळी पुण्याहून एक शिल्पकार गाडी करून आला, काखेत कोहळं घेऊन, आणि बाकड्यावर बसलेल्या प्रभाकररावांना म्हणाला, यावर सही द्याल का?

प्रभाकरराव उठले. दौलतराव वांग्यांवर पाणी शिंपडत होते, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"दौलत, तुह्या फळ्याले फडकं हाय. म्हनून म्या इतके वर्स त्याच्याखाली बसून वाचलं. त्या तिकडच्याले फडकंच नाई. मंग तो फळा कायचा, लेका? ज्याच्यावरचं पुसता येत नाई, त्याले शिलालेख म्हन्तेत. तुनं माहा शिलालेख केला, मी जित्ता असतानी."

ते गेले आणि नंतर आलेच नाहीत. भाजी वर्ध्याच्या बाजारातून आणू लागले. फळा भरलेला असायचा, बाकडं रिकामं. लोक मनातल्या मनात वाचायचे आणि निघून जायचे. फळा मुका झाला होता, असं म्हटलं तरी चालेल.

दौलतराव दुकानात बसून राहायचे. "मी काय असं मोठं लिहिलं होतं?" ते मला म्हणाले. "कोहळं कापलं नाई, इतलंच तं."

मनकर्णाबाई पलीकडे मेथी निवडत होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली. "तुमाले मी सांगाचं का आता? कोहळ्यावर पयला घाव बाईनं घालू नये, मानसानं घालावा, हे तं ठाऊक हाय ना? विमलावैनी दर आयतवारी कोहळं आनत अन् भाऊजीच्या पुढ्यात ठेवत. 'फोडून द्या जी' म्हनत. भाऊजी घाव घालून देत, मंग वैनी चिरत. आता थे कोहळं आनतेत, बाजीवर ठेवतेत, अन् समोर बसतेत. 'फोडून द्या' म्हननारं कोनी हाय का घरात?"

दौलतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मले ठाऊक नोतं," म्हणाले.

"तुमाले फळ्यावरचं सारं ठाऊक असते," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.

रुचिकाला बोलावलं. फडक्याचा कायदा ऐकून ती रडायलाच लागली. तिनं आपला फोटो लगेच काढून टाकला. पण त्याच्या नकला शंभर जागी गेलेल्या, त्यांच्यावर तिचा काय हात चालणार? दौलतराव माझ्या खुर्चीवर येऊन बसले. "लिही, नानाजी," म्हणाले. मी लिहिलं, ते असं :

'सगळ्या कलाकार, ब्लॉगर आणि येड्या मंडळींना दौलतराव भांगे यांचा नमस्कार. कोहळ्याची बातमी मी लिहिली, ती चूक होती. ज्याची होती त्यानं पुसली. आमच्याकडे पुसलं की संपते. तुमच्याकडे संपली नाही, कारण तुमच्याकडे फडकं नाही. तरी ज्याच्याजवळ हा फोटो असेल, कविता असेल, चित्र असेल, त्यानं एक फडकं ओलं करावं, आपला पडदा पुसावा, मग ते काढून टाकावं, आणि झालं म्हणावं. नुसतं काढून टाकू नये. आधी पुसावं. नंतर यावर बोलू नये. हे ज्याला जमत नसेल त्याला माझ्या फळ्यावरची बातमी मागायचा हक्क नाही. मी फळा उतरवून ठेवीन.'

"फडक्याचं राहू देऊ का?" मी म्हटलं. "लोक हसतीन."

"फडक्याचंच मुख्य हाय," ते म्हणाले.

आणि लोक हसलेच. मग भांडले. एकानं अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर एवढं लांब लिहिलं की माझं बोट दुखेपर्यंत पान खाली सरकवावं लागलं. कवी म्हणाला, कविता कवीची नसते, ती विश्वाची असते, त्यामुळे मी ती काढू शकत नाही. शिल्पकारानं तर गप्पच बसणं पसंत केलं. दौलतराव रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, "कोनी पुसलं?" मी म्हणायचो, "नाई." ते खाली मान घालून जायचे. मला त्या माणसाचं फार वाईट वाटायचं. ज्या बिरादरीनं त्याला पंधरा वर्षांचं एकटेपण विसरायला लावलं होतं, ती एका फडक्याला महाग झाली होती.

मग एक दिवस कारंज्याहून स्वप्निलचा फोटो आला. त्यानंही एका ट्रकवर कोहळं रंगवलं होतं, ते आम्हाला ठाऊकही नव्हतं. फोटोत तो त्याच ट्रकच्या मागे उभा होता, हातात ओलं फडकं, आणि कोहळ्याच्या जागी नुसता ओला पत्रा. तेलाचा रंग फडक्यानं थोडाच निघतो! आधी त्यानं खरवडून काढला असणार आणि मग फडकं फिरवलं असणार, नियम म्हणून. खाली एकच शब्द होता : 'झालं.'

त्यानंतर रांग लागली. नागपूरची नाटकवाली मंडळी केशरी कपडा धुऊन वाळत घालताना फोटोत उभी राहिली. झालं. हस्तलिखित मासिक काढणाऱ्या एका गुरुजींनी आपलं पान पाण्यात बुडवून शाई धुतली. झालं. अमेरिकेतल्या बाईनं स्वयंपाकघरातला रुमाल घेऊन कॉम्प्युटर पुसला, त्यात पाणी गेलं, तो बंद पडला, आणि तिनं शेजारणीच्या कॉम्प्युटरवरून कळवलं, झालं. कवीनंही शेवटी पुसलं. विश्वाची कविता एका फडक्यात गेली. शिल्पकाराचं काय झालं ते कळलं नाही, पण त्याचं नावच कम्युनिटीतून दिसेनासं झालं. 'न कापलेलं कोहळं' ही कम्युनिटी तिच्या मालकानं बंद केली. दौलतराव माझ्या शेजारी बसून एकेक 'झालं' वाचत होते आणि दुपट्ट्यानं डोळे पुसत होते. मी माउस आपटत होतो, कारण मलाही समोरचं धूसर दिसत होतं.

आता फक्त प्रभाकररावांना सांगायचं राहिलं होतं. आणि इथेच सगळी नालवाडी अडली. पुसलेल्या गोष्टीवर बोलायचं नाही, हा कायदा. मग ती पुसली गेली हे त्यांना सांगायचं कसं? सांगितलं की बोलल्यासारखं झालं, म्हणजे पुन्हा पुसावं लागणार. कवडूनं सुचवलं, नुसता त्यांच्या दारासमोरून 'झालं, झालं' ओरडत जातो. तो तसा गेलाही. प्रभाकररावांना वाटलं, याच्या घरात काही बरंवाईट झालं, आणि ते धोतर सावरत त्याच्या घरी सांत्वनाला पोचले. कवडूच्या सासूनं चहा केला. ती अजून गेलेली नव्हती.

शेवटी मनकर्णाबाई उठल्या. त्यांनी दुकानातलं एक कोहळं उचललं, कमरेवर घेतलं आणि प्रभाकररावांच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही सगळे आपापल्या दारात उभे राहून कामात असल्याचं सोंग करत होतो. दौलतराव मेथीच्या ढिगामागे बसले होते, पण त्यांची टोपी दिसत होती.

"भाऊजी," मनकर्णाबाईंनी हाक मारली. "घरी मानूस नाई. एवढं कोहळं फोडून द्या जी."

प्रभाकरराव दारात आले. त्यांनी कोहळ्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे मेथीमागच्या टोपीकडे पाहिलं. माणूस घरी आहे की नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. बराच वेळ तसेच उभे राहिले, इतका की मनकर्णाबाईंनी कोहळं या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं.

"ठेव खाली," शेवटी म्हणाले. आत जाऊन कोयता घेऊन आले, ओट्यावर उकिडवे बसले आणि एक घाव घातला. कोहळं फुटलं. आत पिवळंधमक, बियांनी भरलेलं. प्रभाकररावांनी कोयता बाजूला ठेवला आणि पालथ्या हातानं तोंड पुसलं. ते रडत होते, आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

मनकर्णाबाई थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, आतले बी आना. बाजीवरचे. दारातले बी. वास येऊन राह्यला सबन गल्लीत."

त्या दिवशी प्रभाकररावांनी एकामागून एक सगळी कोहळी फोडली. जी सडली होती ती उकिरड्यावर गेली, बाकीची मनकर्णाबाईंनी चिरून गल्लीत वाटली. नालवाडीत त्या दिवशी घरोघरी कोहळ्याचीच भाजी होती, आणि ती कुठून आली यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतरावांनी फळा लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं होतं. 'मेथी ताजी. चवळी संपली. कोहळं, फोडलेलं, हवं तेवढं कापून मिळेल.' यातली शेवटची ओळ लिहावी की नाही, यावर त्यांनी मला पहाटेपासून छळलं होतं. मी म्हटलं, फडकं आहेच की.

प्रभाकरराव आले. सगळी नालवाडी फळ्यासमोर होती आणि कोणीच फळ्याकडे पाहत नव्हतं. त्यांनी उभ्याउभ्या फळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मनातल्या मनात. मग हात लांब करून खिळ्यावरचं फडकं घेतलं. डब्यात बुडवलं, पिळलं. दौलतरावांनी डोळे मिटून घेतले.

प्रभाकररावांनी वाकून बाकड्यावर साचलेली धूळ पुसली, फडकं खिळ्याला अडकवलं, बसले, घसा साफ केला आणि निवेदकाच्या आवाजात सुरू झाले, "मेथी ताजी."